चि. भूषणला, रथाच्या आधी

चि. भूषण यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी "ये" एवढंच बोललो आणि फोन तुझ्या आईकडे दिला. फोनवर मला नीट बोलता येत नाही, तुला माहीत आहे. गोकुळच्या कमरेचं ऑपरेशन झालंय, रथाच्या पुढच्या डाव्या चाकाला मोगरी लावायला कोणीतरी लागणार, आणि ते चाक आपल्या घराकडे आहे. तेव्हा तू येतोस हे बरोबरच आहे. मी अडवणार नाही. आईलाही तेच बोललो. ती म्हणाली, "त्याले सांगा, माले पोऱ्या धडधाकट जोयजे." सांगितलं.

मंडळाच्या स्मरणिकेसाठी गावाची जुनी माहिती लिहून पाठवा, असंही तू म्हणालास. म्हणून हे पत्र. माहितीच लिहायची आहे. फक्त सुरुवातीला एक गोष्ट सांगतो आणि मग तो विषय परत काढत नाही. मोगरी, म्हणजे रथ थांबवायला-वळवायला चाकाखाली सारायची ती दांड्याची लाकडी पाचर, लावताना माणूस सहसा दुखावत नाही, काढताना दुखावतो. लावताना डोळे चाकावर असतात. काढताना रथ थांबलेला असतो, आरती चाललेली असते, कोणीतरी प्रसाद पुढे करतो, आणि माणूस वाकून हाताने मोगरी ओढायला जातो. तेवढ्यात पुढच्या चौकातली पोरं दोर ओढतात. हाताने काढायची नाही. दांड्यानेच.

आता माहिती.

खानदेशात रथ एका गावाचा नाही. वैशाख शुद्ध एकादशीला अमळनेरला सखाराम महाराजांचा रथ निघतो, पौर्णिमेला पालखी. आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ. आश्विनात पारोळा, धुळे, चोपडा, शिरपूर अशी बालाजीच्या रथांची रांग लागते. कार्तिकी एकादशीला जळगावचा श्रीराम रथ. तो अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केला. दिवाळीच्या पाडव्यापासून दहा दिवस वहनं, म्हणजे वेगवेगळ्या वाहनांवर बसवलेल्या देवाच्या मिरवणुका, निघतात आणि अकराव्या दिवशी रथ. भिलपुऱ्यात लालशहा बाबांच्या समाधीपाशी तो थांबतो, तिथे चादर चढवतात. आपल्या पोरांना हे आवर्जून सांग. आपल्या रथाला पहिलं वंगण पिंजारी गल्लीतून, म्हणजे मुसलमान घरांतून, येतं ते का, असं गेल्या वर्षी एक जण विचारत होता.

आपल्या रथाचा सन छापायचा असेल तर बॅनरवाल्याला विचारून छापू नका. "दोनशे वर्षांची परंपरा" असं सगळीच गावं लिहितात. देवळाच्या जमाखर्चाच्या वह्या मोडीत आहेत. त्यात "रथ" हा शब्द शोधत बसू नका. कार्तिकातला खर्च बघा. एरंडेल तेल, काथ्या, सुताराची मजुरी, लोहाराला कोळसा, टेंभ्यांना चिंध्या, अशा नोंदी एकत्र दिसल्या की त्या वर्षी रथ निघाला होता. एखाद्या वर्षी तेल आहे पण सुतार नाही, तर रथ निघाला पण दुरुस्ती झाली नाही. तेलही नाही आणि कोरडा शिधाच आहे, तर त्या वर्षी देव पालखीत गेला. प्लेगाची, दुष्काळाची वर्षं अशीच सापडतील. मोडी वाचणारे धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात भेटतील. सरकारी कागद शोधताना एक ध्यानात ठेवा. १९०६ पर्यंत खानदेश एकच जिल्हा होता आणि कचेरी धुळ्याला. त्या वर्षी पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, जळगावला पूर्वेची कचेरी आली. त्याआधीचं जळगावात शोधाल तर रिकाम्या हाताने परत याल.

गावाचा इतिहास म्हणजे नगराध्यक्षांची यादी, असं तुम्हा मंडळींना वाटतं. ती यादी टाका, त्यांच्या घरचे जाहिरात देतील. पण मला विचारशील तर गावाचा इतिहास रथाच्या वाटेवर आहे. देऊळ, सराफ गल्ली, जुनी पेठ, जिनाचा (कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचा) रस्ता, पाराचा चौक आणि परत. वाट तीच आहे. खालची जमीन मात्र तीन वेळा बदलली, आणि दर वेळी मोगरीवाल्याला नव्याने शिकावं लागलं.

पहिली वाट काळ्या मातीची. आपली कपाशीची काळी. परतीचा पाऊस कार्तिकापर्यंत रेंगाळला की चाक रुतायचं. तेव्हाची अडचण थांबवायची नव्हतीच, हलवायची होती. चाकामागे पहारी घालून, खाली फळ्या सारून, आठ-दहा जणांनी तरफ देऊन रथ उचलायचा. मोगरी मातीत स्वतःच रुतून बसायची, म्हणून ती लहान चालायची, दांडाही आखूड चालायचा. माणूस जवळ बसून लावायचा. आबा तसेच बसून लावायचे, एक गुडघा टेकून. तू लहानपणी पाहिलंस, ते तुझ्या डोळ्यांत आहे, आणि म्हणूनच मी हे लिहितोय. तसं बसायचं नाही. मातीवर रथ पावला-पावलाने यायचा. आता तो येतो तो वेग वेगळा आहे. टेकलेला गुडघा उचलून बाजूला व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ सिमेंटवर मिळत नाही.

परत तेच झालं. असो.

त्या काळी परतताना रात्र व्हायची. उजेड टेंभ्यांचा. नंतर गॅसबत्त्या आल्या. गॅसबत्तीचं मॅंटल एकदा जळलं की राखेसारखं नाजूक होतं, धक्का बसला की गळून पडतं. रथावर बत्ती टांगली तर पहिल्या मोगरीच्या हादऱ्याला अंधार. म्हणून बत्त्या माणसांच्या डोक्यावर असायच्या आणि ती माणसं रथापासून चार हात लांब चालायची. रस्त्यावर चाकाची सावली पडू नये म्हणून दोन बत्त्यावाले मोगरीवाल्याच्या पाठीशी नाही, समोरच्या बाजूला असायचे. पाठीशी बत्ती असली की आपलीच सावली आपल्या हातावर पडते. आताचे हॅलोजन रथाच्या वरच्या बाजूला बांधतात, फोटो चांगले येतात, आणि चाकाखाली काळोख असतो. तू डोक्याला लावायची बॅटरी आण. लाजू नकोस.

रेल्वे, कापूस आणि जिन हे वेगळं लिहायला नको, एकच गोष्ट आहे. भुसावळकडची लाईन १८६० च्या दशकातली, सुरत–जळगाव ही तापी खोऱ्यातली लाईन १९०० च्या सुमाराची. गाडी आली तिथे जिन-प्रेस आले. जिन आले तिथे दोन हंगामांत पैसा आला आणि देवळांना शिखरं आली. आपल्या रथाचा वरचा मजला त्याच पैशातला असणार, कारण खालचं लाकूड बाभूळ-सागाचं आणि वरचं कोरीवकाम निराळ्या हाताचं आहे. पेठेतले म्हातारे सुतार हे बोटाने दाखवतील. त्यांना विचारा, ते आहेत तोवर.

फैजपूरचं अधिवेशन लिहाच. डिसेंबर १९३६, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. नगराची सजावट नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्याच साहित्यातून केली होती. नेहरूंची मिरवणूकही सजवलेल्या बैलरथातून निघाली होती. आबा म्हणायचे, त्या रथाला बैल होते म्हणून मोगरीची गरज पडली नाही. बैल "हो" म्हटलं की थांबतो. माणसांची गर्दी थांबत नाही.

साने गुरुजींचंही. १९२४ ते १९३० ते अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिकवत होते हे सगळे लिहितात. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण केलं, ते आपल्या दोराशी जोडून लिहा. कोणी कुठल्या दोराला हात लावायचा, हे आपल्याकडे ठरलेलं असायचं. आज कोणीही लावतो. हे आपोआप झालेलं नाही. स्मरणिकेत दोन ओळी तरी असाव्यात, आणि कोणाला वाईट वाटेल म्हणून गाळू नका.

१९७२ चा दुष्काळ. तुझ्या पिढीला सुकडी आणि मिलो हे तेव्हाच्या दुष्काळी खाण्याचे शब्द विनोदासारखे वाटतात. त्या वर्षी दुष्काळी कामांवर बाया-माणसं खडी फोडायची, आणि जिनाच्या रस्त्याला खडी आली ती त्या कामातली. ही वाटेवरची दुसरी जमीन. खडी नवी असताना मोगरी तिच्यावर गोल दगडांवर ठेवल्यासारखी सरकायची, म्हणून मोगरीची लांबी वाढली. मग डांबर. डांबराने सोय झाली. ते थोडं खरखरीत असतं, मोगरी धरून ठेवतं, आणि कार्तिकात ऊन कमी म्हणून वितळतही नाही. माझं मत विचारशील तर रथाला सगळ्यात चांगला रस्ता जुन्या डांबराचा. मग पाण्याची पाईपलाईन आली आणि तो मधोमध चिरला. चारी बुजवताना माती नीट धुमस केली नाही की वरून रस्ता सपाट दिसतो, पण रथाचं वजन आलं की चाक बसतं. रथ एका बाजूला कलतो, वरचा कळस हातभर झुकतो, लोक ओरडतात, आणि मोगरीवाला नेमका त्या कललेल्या बाजूला असतो. तेव्हा एकादशीच्या आधी वाट पायी चालून बघायची. जिथे नवं ठिगळ दिसेल तिथे पहार आपटायची. भद्द आवाज आला की चुन्याने खूण करायची आणि नगरपालिकेच्या माणसाकडून लोखंडी पत्रा टाकून घ्यायचा. गटारीच्या ढाप्यांचंही तेच. ढापा मोटरसायकलसाठी असतो.

आणि आता सिमेंट. ही चौथी जमीन, आणि तुझ्या वाट्याला हीच आहे.

सिमेंटचा रस्ता गुळगुळीत. त्यावर फुलांच्या पाकळ्या, गुलाल, फोडलेल्या नारळाचं पाणी, चाकाखाली ठेवलेली लिंबं, केळीच्या खांबांतून गळणारं पाणी. आपल्याकडे सजावट केळीचीच, खांब कापला की दिवसभर पाझरतो. हे सगळं मिळून मोगरीच्या खाली साबण होतो. मोगरी सरकली की चाक तिला पुढे ढकलत नेतं, आणि मोगरीवाला दांडा धरून उलटा चालायला लागतो. इथे माणूस पडतो. म्हणून मोगरीच्या तळाला जुन्या टायरची पट्टी ठोकायची. ट्रकचा टायर, नक्षी खालच्या बाजूला. खिळ्यांची डोकी रबरात खोल गेली पाहिजेत. डोकं वर राहिलं की लोखंड सिमेंटवर घसरतं आणि रबराचा उपयोग संपतो. वर, जिथे चाक टेकतं, तिथे रबर लावायचं नाही. तिथे लाकूडच. सोबत एक पोरगा ओलं गोणपाट घेऊन ठेवायचा, उतारावर मोगरीच्या आधी ते अंथरायचं. गोणपाट सुती-तागाचं. प्लॅस्टिकची खताची गोणी नको, ती स्वतःच घसरते.

मोगरीचं लाकूड बाभळीचं. साग दिसायला चांगला, पण दाबाने रेषेत फाटतो. हातभर लांब, मागे वीतभर उंच, पुढे दोन बोटं. चढ फार उभा झाला तर चाक चढत नाही, मोगरीला ढकलतं. फार चपटा झाला तर चाक तिच्यावरून पलीकडे उतरतं, आणि तो हादरा वर बसलेल्या पुजाऱ्यापर्यंत जातो. गोकुळची मोगरी बरोबर आहे, तिचाच साचा घे. मंडळाने गेल्या वर्षी बाजारातून करून आणलेल्या दोन आहेत त्या चपट्या आहेत. त्या मागच्या चाकांना द्या.

आता वळवणं. रथाला स्टिअरिंग नाही, पुढचा आख फिरत नाही. डावीकडे वळायचं तर डाव्या पुढच्या चाकाला मोगरी, डावा दोर ढिला, उजवा ताठ. डावं चाक अडतं, उजवं पुढे जातं, रथ फिरतो. सराफ गल्लीच्या कोपऱ्यावर हे एका दमात होत नाही. लावायची, हातभर फिरू द्यायचा, काढायची, परत लावायची. पाच-सहा वेळा. या वेळी मागची चाकं आडवी घासतात आणि मागचा भाग उजवीकडे झुकतो, तेव्हा उजव्या बाजूच्या ओट्यांवरची बायकापोरं आधी उतरवायची. थांबवायचं असेल तर दोन्ही पुढच्या चाकांना एकाच वेळी. एकालाच लागली तर रथ वळतो, थांबत नाही. म्हणून तू आणि उजवा, दोघांनी एकमेकांकडे बघायचं, लोकांकडे नाही. उतारावर मागच्या चाकांना वेगळं काम असतं, आणि चढावर मागची मोगरी चाकाच्या मागे सारत चालायची, कारण चढावर दम सुटला की रथ मागे येतो.

मोगरी तिरपी लागली आणि चाकाची कड तिच्या कडेवर आली तर ती चिमटीतल्या चिंचोक्यासारखी उडते. कुठे उडेल ते तिरप्यावर आहे. म्हणून चाकाच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, बाहेरच्या बाजूला, चाकाच्या थोडं पुढे. आणि आतल्या बाजूला तर कधीच नाही. रथाच्या पोटाखाली, दोन चाकांच्या मध्ये, काहीही पडलं तरी, मोबाईल पडो की मोगरी पडो, आत जायचं नाही. रथ पूर्ण थांबेल, चारी चाकांना लागतील, दोर जमिनीवर टेकतील, मगच. मोठ्या काकांचं तुला माहीत आहे. त्यावर मी लिहीत नाही.

मला कळतंय, मी स्मरणिकेचा मजकूर लिहायला बसलो आणि तुला पहिलीच्या पोराला शिकवावं तसं शिकवतोय. तू चाकणला त्या प्रेसवर काम करतोस, हाताला सेन्सर असलेल्या मशीनवर, आणि सुरक्षेचा तास तू दुसऱ्यांना देतोस. राग मानू नकोस. पण तुझ्या मशीनला हात आत गेला की ते थांबतं. हे थांबत नाही.

दोराचं राहिलं. पूर्वी अंबाडीचा नाडा असायचा, जाड, मनगटाएवढा. तो तुटायच्या आधी करकरतो, पीळ सुटायला लागतो, कळतं. नायलॉनचा ताणला जातो, आवाज करत नाही, आणि तुटला की उलटा येऊन फटका मारतो. पोरांना नायलॉन हवा असतो कारण तो हलका. मी अंबाडीच्या किंवा काथ्याच्याच बाजूने आहे. मंडळात आपलं मत मांड, भांडू मात्र नकोस. सभेत जिंकून रथावर माणसं रुसली तर त्याचा काय उपयोग. दोर ओढणारे आणि मोगरीवाला यांच्यात अंतर असतं, पूर्वी शिंग वाजलं की सगळे थांबायचे. डीजेपुढे शिट्टी ऐकू जात नाही. रथाच्या पुढच्या पायरीवर एकच माणूस, त्याच्याकडे लाल आणि हिरवं निशाण, रात्री लाल बॅटरी. दुसऱ्या कोणी इशारा द्यायचा नाही, आमदार आले तरी. आणि दोराच्या पुढच्या टोकाला आपला एक माणूस मागे तोंड करून चालला पाहिजे. तोच निशाण बघून हात वर करतो. हे काम सुनीलला द्या, त्याचा आवाज आहे आणि तो पीत नाही.

चाकांचं काम दिवाळीआधी सुरू करायला सांग. रथ वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये कोरडा पडतो, लाकूड आकसतं, आरे तुंब्यात (चाकाच्या मधल्या गड्ड्यात) हलायला लागतात आणि धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, ढिली होते. पाच-सहा दिवस ओली पोती गुंडाळून ठेवायची, लाकूड फुगतं. त्यानेही धाव वाजत राहिली तर ती उतरवून कापून परत चढवावी लागते. धाव चाकाच्या घेरापेक्षा जरा लहान करतात, गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चढवतात आणि लगेच पाणी मारतात, की ती आवळून बसते. हे करणारे लोहार आता बोटावर मोजण्याएवढे. आधी निरोप द्यावा लागतो. आखाला वंगण हिशोबात. पोरं डबा उलटा करतात, ते गरम होऊन धावेवर ओघळतं आणि मोगरी लागत नाही. आखाच्या टोकाच्या खिळी दोन्ही बाजूंच्या हाताने हलवून बघायच्या. जुन्या रंगाखाली तडे दिसत नाहीत, म्हणून रंग देण्याच्या आधी बघायचं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, आधी रंग, मग तपासणी.

वायरींबद्दल तरी मी बोलू शकतो, तो माझा प्रांत. विजेचं बोर्ड २० जून १९६० चं, २००५ मध्ये त्याच्या कंपन्या झाल्या. गल्लीत तार आली तेव्हापासून रथाची उंची हा गावाचा वादाचा विषय झाला. काही जुन्या लोकांनी तारांसाठी देवाने मान वाकवायची का असं विचारलं होतं. शेवटी कळस काढता-घालता येईल असा केला, आणि ज्या गल्लीत तरीही अडतं तिथे पुरवठा बंद करून तारा सोडायच्या असं ठरलं. आजही तसंच. पण बंद केलं म्हणजे मेलं असं समजू नका. फीडर बंद, मग टेस्टरने बघायचं, मग तारा अर्थ करायच्या, मगच बांबू लावायचा. कारण आता प्रत्येक दुकानात जनरेटर किंवा इन्व्हर्टर आहे, आणि जोडणी चुकीची असली की तिथून करंट उलटा लाईनवर येतो. पाराच्या चौकातल्या मंडपवाल्याचा जनरेटर आधी तपासायला सांग. केबलच्या आणि इंटरनेटच्या तारा वेगळ्या. त्यात जीव जाण्याएवढी वीज नसते, म्हणून लोक त्यांच्याकडे बघत नाहीत. पण त्या खाली लोंबतात, आधाराची पोलादी तार कळसाला अडकते, पुढचे ओढत राहतात आणि रथ वरून मागे खेचला जातो. वर कोणी बांबू घेऊन उभा असेल तर त्याने "थांबा" म्हटलं की थांबायचं. त्या क्षणी तुझ्या हातात मोगरी तयार हवी. वर बघू नकोस. सगळे वर बघतात. तुझं चाक खाली आहे.

आबांच्या हातची मोगरी अजून माळ्यावर आहे, ती वापरू नका, लाकूड मेलंय. पूजेत ठेवा. आई म्हणते ती चिऊला दाखवायची म्हणून खाली काढून पुसून ठेवलीय. तू त्या चाकाला उभा राहणार हे मी पेठेत कोणाला सांगितलं नव्हतं, तरी कालपासून तीन-चार जणांनी विचारलं, "नाना, पोरगं येतंय म्हणे?" मी हो म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला असेल. रात्री मात्र झोप नाही. गोकुळ एवढी वर्षं उभा होता तेव्हा मला काही वाटलं नाही, हे लिहितानाच लक्षात आलं. त्याच्या आईला वाटत असणार.

चाकाला एकट्याने पूर्ण वाट उभं राहायचं नाही. जुन्या पेठेपर्यंत तू, पुढे पाराच्या चौकापर्यंत वाण्यांचा दीपक, मग परत तू. उपवास असतो, पोट रिकामं, आणि थकलेला माणूस चाकाच्या जवळ जवळ सरकत जातो. त्याला स्वतःला कळत नाही, बघणाऱ्याला कळतं. म्हणून तुझ्या मागे एक माणूस असा ठेव की ज्याचं काम फक्त तुझ्या शर्टाची कॉलर बघणं. मी ते करू शकतो. तुला चालत असेल तर. मंडळाला चालणार नाही म्हणशील तर ओट्यावर बसेन.

पंचा, उपरणं, लांब बाह्या नको. अंगाला घट्ट टी-शर्ट, वरून मंडळाचा सदरा घालायचा आग्रह झाला तर आत खोचायचा. देवाच्या कामात चप्पल-बूट कसे, असं कोणी म्हणेल. देवळाच्या आवारात काढ, वाटेवर घाल. पुजाऱ्यांशी मी बोललो आहे, त्यांची हरकत नाही.

स्मरणिकेसाठी वरचं हवं तेवढं घे. मोगरीचा भाग छापू नकोस, तो तुझ्यासाठी आहे. की छापावा? पुढच्यांना लागेल. मोठ्या काकांची ओळ तेवढी काढून टाक.

सूनबाईंना आशीर्वाद, चिऊला पापा. पाडव्याला सकाळीच पोचा, गर्दी असते.

तुझा,
नाना

ता. क. – गोकुळच्या मोगरीचा दांडा बदलायचा आहे. चार फूट, बांबू नको, सालईही नको. तुमच्याकडे कुऱ्हाडीचे दांडे मिळतात तशा चांगल्या लाकडाचा, टोकाला हाताची पकड बसेल असा मिळाला तर दोन घेऊन ये. बुटाचे तळवे रबरी बघ, पुढे कडक टोपी असलेले कंपनीतले चालतील. आणि तुझ्या मशीनवर वापरता ते हातमोजे आणू नकोस, मोज्याचं कापड दांड्याच्या फटीत अडकतं आणि हात सुटत नाही.